पेंढ्यातला कंप्युटर

१९९८ साल. माझं वय सत्तेचाळीस, आणि तोपर्यंतच्या आयुष्यात माझ्या हातून एकही चूक झाली नव्हती. (हे वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा बायको स्वयंपाकघरात हसली. तिच्याकडं लक्ष देऊ नका.)

तेव्हा मी वाशीच्या फळ मार्केटात माथाडी होतो. सातारा सोडून वीस वर्षं झालेली. नेरूळला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि घरात आम्ही तिघं: मी, बायको शालन आणि एकुलती एक लेक वैशाली. वैशू तेव्हा एकोणीस वर्षांची. वाशीला एका कंप्युटर क्लासात जायची. बाकीच्या पोरी तिथं टायपिंग शिकायच्या, आमची पोरगी कंप्युटर जोडायला शिकली. वर्षभर इकडून एक भाग, तिकडून एक भाग असं गोळा करत मे महिन्यात तिनं क्लासातच स्वतःच्या हातानं अख्खा कंप्युटर उभा केला. तोही साधासुधा नाही, गेम खेळायचा! त्यात गाड्यांची रेस अशी पळायची, की क्लासातली पोरं शिकणं सोडून तिच्या खुर्चीमागं गर्दी करायची.

सरांनी ते मशीन बघितलं आणि म्हणाले, "वैशाली, जूनपासून जोडणीची संध्याकाळची बॅच तू शिकव. फक्त एक कर. हे घरी ने, आठवडाभर चालव. न अडकता चाललं, की सोमवारी येऊन सांग."

माझी पोरगी मास्तरीण होणार! त्या दिवशी मार्केटात मी पेट्या उचलल्याच नाहीत, त्या आपोआप खांद्यावर येऊन बसत होत्या.

आता मशीन घरी आणायचं. वैशू स्क्रीन घेऊन रिक्षानं पुढं निघाली. मशीनचा डबा माझ्याकडं आला.

"आबा, सांभाळून हं. आत नाजूक असतं सगळं."

"मला सांगतीस? वीस वर्षं हापूस वाहतोय. एका आंब्याला डाग पाडला नाही. हा तर लोखंडी डबा!"

डबा खांद्यावर घेतला आणि सवयीनं जरासा हलवला. आमच्यात पेटी उचलली की आधी हलवून बघतात. आवाज आला तर माल सैल, आणि सैल माल पोचेपर्यंत मार खातो. अन् या डब्यात काहीतरी हललं! मी तसाच मार्केटात गेलो, गाळ्यावर डबा टेकवला, चार आण्याच्या नाण्यानं स्क्रू काढले आणि एका बाजूचं झाकण उघडलं. बघतो तर काय, डबा निम्म्याहून जास्त रिकामा! एक हिरवी पाटी, त्यावर बारीकसारीक खडे बसवल्यासारखं काहीबाही, वायरी लोंबतायत, आणि आधाराला एक काडी नाही. म्हटलं, काय ही शिकलेली माणसं! माल भरायची अक्कल नाही.

मग मी हापूसच्या पेटीतला कोरडा, स्वच्छ, निवडक पेंढा घेतला आणि डबा भरला. खाली थर, मध्ये थर, वर थर, कोपरे बोटानं दाबून. वायरी नीट निजवल्या. एक छोटा पंखा होता, तो फुंकर मारली तरी फिरत होता, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी टेकण दिलं. झाकण लावलं आणि स्क्रू असे पिळले, की बापजन्मी निघू नयेत. हलवून बघितलं. गपगार!

वैशूला यातलं काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. पेटीत पेंढा आहे हे गिऱ्हाइकाला कधी कुणी सांगतं का?

संध्याकाळी शालननं डब्याला हळदकुंकू लावलं. वैशूनं मला खुर्चीत बसवलं. "आबा, पहिली रेस तुमची."

रेसमध्ये बारा गाड्या. माझी बारावी. पण मी काय हार मानणारा माणूस! वळणाला अंगानं वळत, ब्रेकला पाय फरशीवर दाबत दहा मिनिटांत मी अकराव्याच्या बंपरला चिकटलो. आता ओव्हरटेक मारणार, तेवढ्यात चित्र जागच्या जागी गोठलं. गाडी वळणावर तिरकी, मी खुर्चीत तिरका.

"वैशू, ही का थांबली?"

"हँग झालं वाटतं. परत चालू करते."

परत चालू केलं, या खेपेला पाच मिनिटं चाललं. तिसऱ्या खेपेला तर गाडी सुटायच्या आत स्क्रीन निळीशार झाली आणि वर पांढरी इंग्रजी अक्षरं आली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"गंभीर चूक झाली म्हणतोय."

"कुणाची?"

"ते नाही सांगत."

"मग कसलं मशीन हे!"

दुसऱ्या दिवशी वैशूनं आतलं सगळं पुसून फ्लॉप्यांवरून नव्यानं भरलं. हँग. मेमरीची सेटिंग बदलली. हँग. रेस लावली की दहा मिनिटांत मुक्काम ठरलेला. सकाळी थंड असताना जरा बरं चालायचं, एवढंच. मग ती म्हणाली, "उघडून बघते." पेचकस लावला, तो सटकला. पुन्हा लावला, स्क्रूची डोकीच झिजली.

"एवढे घट्ट कुणी केले?"

"मी. वाटेत जरा आवळले."

"मग काढून द्या ना, आबा."

"अजिबात नाही! सरांनी चालवायला दिलाय का फाडायला? रोज पोट फाडून बघितलं तर माणूस तरी जगेल का?"

बापाचा शब्द. विषय संपला. (तो विषय तेव्हा संपला नसता, तर ही गोष्ट इथंच संपली असती.)

शालन मात्र दोन दिवस नाक वर करून फिरत होती. "अवं, या खोलीत आंब्याचा वास येतोय का?"

"माझ्या अंगाचा असंल. दिवसभर आंब्यातच असतो."

"तुमच्या अंगाला एवढा चांगला वास कधीपासनं?"

शुक्रवारपर्यंत माझा तपास पूर्ण झाला. दोष व्होल्टेजचा! बिल्डिंगीत बारा घरं, बारा फ्रिज, बारा टीव्ही. सगळे मिळून आमच्या मशीनची वीज ओढत होते. मी सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे यांच्या दारात गेलो. म्हात्रे इथल्याच गावातले, बोलायला मोकळे.

"म्हात्रेसाहेब, उद्या संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी अर्धा तास मेन स्विच बंद ठेवायचा. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"अरे पन सात वाजता टीव्हीवर शिरेल हाय! बायका मला जित्ता ठेवतील का?"

"अर्धा तास हो. एवढं टेन्शन कशाला घेता?"

"बरं, पोरीसाठी करू. पन चाललं नाय तर बायकांना उत्तर तुमी द्यायचं."

शनिवारी सात वाजता अकरा घरांत अंधार झाला. आता अंधारात बसून लोक करणार काय? सगळे आमच्याकडं आले. बाहेरच्या खोलीत तीस माणसं, जिन्यात दहा, शालन लाटणं हातात घेऊन चहाच्या पातेल्यापाशी अडकलेली. मे महिन्याचा उकाडा, आणि पंखा मीच बंद करायला लावलेला, कारण तोही वीज खातो. मी रेस सुरू केली. आठ मिनिटं! नऊ मिनिटं! मी अकराव्याला गाठलं. मागून कुणीतरी ओरडलं, "दाबा भाऊ, दाबा!" मी दाबलं. स्क्रीन निळी.



"जाधवभाऊ," म्हात्रे घाम पुसत म्हणाले, "आमचा पंखा बंद, टीव्ही बंद, आनि तुमची गाडी पन बंद. यात फायदा कोनाचा झाला?"

सगळे हसले. मग त्यांनी वैशूकडं बघितलं. "पोरीनं सोताच जोडलाय ना? मंग जोडनीच चुकली असंल. लहान हाय, व्हतं असं."

"माझ्या पोरीची जोडणी चुकत नाही!" मी ओरडलो. पण माना डोलत होत्या त्या म्हात्र्यांच्या बाजूनं. लोक गेल्यावर वैशूनं गुपचूप चहाचे कप विसळायला घेतले.

रविवारी दुपारी रेस पुन्हा अडकली, तशी मशीन बंद करून ती पेचकस, पकड, ब्रश असं सगळं एका फडक्यात गुंडाळत बसली होती.

"काय करतीस?"

"म्हात्रेकाका बरोबर बोलले, आबा. माझ्याच हातून काहीतरी चुकलंय. उद्या सरांना सांगते, बॅच दुसऱ्या कुणाला द्या. मी टायपिंगलाच बसते."

रडली असती तर मी रागावलो असतो. पण ती अगदी शांतपणे बोलली, आणि त्या शांतपणानं माझं डोकं एकदम रिकामं झालं. मी फडक्यातली पकड उचलली. "आण तो डबा. माझी लेक चुकलेली नाही, हे मी आज उघडून दाखवतो!"

पकडीनं स्क्रू पिळून काढले. झाकण ओढलं. आतला दाबलेला पेंढा फुसकन वर आला आणि त्यातला थोडा माझ्या मांडीवर सांडला. मी तो परत दाबायला आत हात घातला आणि तसाच थांबलो. बोटांना ऊब लागली. ती ऊब मी वीस वर्षं ओळखत होतो. कच्चा हापूस पेंढ्यात घातला, की चार दिवसांनी हात घालून बघायचं, तेव्हा अगदी अशीच लागते.

शालन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आता गं बया! अवं, तुमी कंप्युटर अढीत घातला व्हय? कधी पिकंल म्हनता?"

वैशूनं पेंढ्यातून तो छोटा पंखा बोटानं शोधून काढला. दोन्ही बाजूंनी टेकण दिलेला, जागेवरून न हलणारा.

"आबा, हा फिरायचा असतो. यानंच आत गार राहतं."

"सैल होता तो," मी म्हणालो. (माणसानं एकदम शरण जाऊ नये.)

मला वाटलं आता ही भडकणार. पण ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग मला कळेना की हसतेय का रडतेय. अर्धा तास तिनं ब्रशनं काडी न् काडी झाडली. पंखा गरगर फिरला. मग मी रेसला बसलो, आणि आठवड्यात पहिल्यांदा ती रेस शेवटपर्यंत गेली. बारावा आलो. पण आलो!

"सरांना काय सांगू आता?" वैशूनं विचारलं.

"सांग, व्होल्टेज."

"ते विचारतील ना, मग आता कसं चाललं म्हणून." मग तीच म्हणाली, "राहू दे. पंखा माझ्याकडून नीट बसला नव्हता असं सांगते. तुमचं नाव नाही घेणार मी."

शालननं फक्त माझ्याकडं बघितलं. संसाराला बावीस वर्षं झालेली. त्या बघण्याला काय म्हणायचंय ते मला कळत होतं. पोरीची चूक अख्ख्या बिल्डिंगीसमोर ठरली होती, आणि आता ती क्लासात स्वतःच्या तोंडानं कबूल करायला निघाली होती. का, तर बापाची मान ताठ राहावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मार्केटला दांडी मारली, संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वैशूबरोबर क्लासात गेलो. आत वीसेक पोरं बसलेली. सरांनी खुर्ची दिली, मी बसलो नाही. म्हटलं, "सर, पोरीची जोडणी एक नंबर होती. पेंढा मी भरला." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पोरं बाकांवर डोकी टेकून हसली. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, खडू वैशूच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. बॅच आजपासूनच तुझी." तिनं फळ्यावर चौकोनी डबा काढला, मधे पंखा काढला, आणि तिसरीतून शाळा सोडलेल्या तिच्या बापाला शेजारी उभं करून नव्या पोरांना पहिला धडा शिकवला: मशीन गरम का होतं. एका पोरानं हात वर करून विचारलं, "काका, पेंढ्याचे थर किती दिले होते?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "तीन. आणि भरणीत कुणी एक चूक काढून दाखवावी!"