डाव्या कोपऱ्याची पोरगी

आमच्या मोठ्या जाऊबाई, बकुळाताई, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये ब्लाउज शिवतात. लग्नाआधी त्या मंडळाकडून कबड्डी खेळायच्या. म्हणून एका कॉलेजच्या कबड्डी संघाचे महेंद्र सर दरवर्षी त्यांनाच सांगतात, "ताई, बारावीच्या पोरी बघून ठेवा." चढाई करणारी पोरगी कुणालाही दिसते, टाळ्या तिलाच पडतात. ताई बघतात त्या कोपऱ्यातल्या पोरी. समोरची आत शिरली की खाली बसून तिचा घोटा धरायचा आणि लाथा बसल्या तरी सोडायचा नाही, हे कोपऱ्याचं काम.

ताईंची एक रीत आहे. मैदानावर पसंत पडलेल्या पोरीच्या घरी गेल्याशिवाय त्या नाव देत नाहीत. बारावीची पोर अजून अंगाने भरायची असते. आईचे खांदे आणि बापाची उंची बघितली की पुढचा अंदाज येतो. एकटीने जाणं बरं दिसत नाही म्हणून मला नेतात. "सुहासिनी, चल गं, पोरगी बघायला जायचंय," असं जिन्यातून ओरडतात, आणि शेजारणी विचारतात, कुणासाठी?

यंदा बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, ऋतिकाकडे गेलो. शाळेच्या फायनलला ताईंनी तिला डाव्या कोपऱ्यात खेळताना बघितलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडात दुसरं नाव नव्हतं. ऋतिकाचे टक्के बेताचे. खेळाच्या कोट्यातून मिळाला तरच तिला त्या कॉलेजात प्रवेश. सरांना सोमवारी नाव हवं होतं. शिवाय त्यांनी बजावलं होतं, "मागच्या वर्षीची तुमची पोरगी दिवाळीआधीच सोडून गेली. आता चुकू नका." त्यामुळे रिक्षात मी मनातल्या मनात जप धरला.

घरात शिरलो तर पलंगावर नवी चादर, बशांत कांदेपोहे, आणि ऋतिका चक्क साडीत! शेजारची बाई दारातून डोकावत होती.

"अहो, मी सून न्यायला नाही आले," ताई हसल्या. "मला हिचा गुडघा जरी दिसला तरी पुरे."

तिची आई हसली, पण उशिरा. बाई चांगली उंच, मनगट रुंद. वडील शंकरराव, तेही तसेच. ताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, झालं काम.

"ऋतिका, इथे खाली बस बघू. दोन्ही पायांवर, उकिडवी."

"साडीत कसं बसेल ती?" आई घाईने म्हणाली. "आणि आज उपास आहे तिचा."

"उपासाचं आणि बसण्याचं काय?"

ऋतिका बसायला गेली. डावा पाय अर्ध्यातच थांबला. तिने भिंतीला हात लावला.

"पडले होते, मावशी," ती म्हणाली.

"ऋतिका!" आई ओरडली.

"त्यांना दिसतंय आई. मे महिन्यात, बारवी धरणाकडच्या एका गावात मॅच होती. खाली खडक होता."

मी हातातली बशी खाली ठेवली. शंकरराव म्हणाले, "ताई, स्थळ आल्यावर सगळं आधीच सांगतं का कुणी? चालते, फिरते, होईल नीट. तुम्ही फक्त सरांपुढे बोलू नका."

"स्थळापासून लपवलंत तर सासरी भांडण होतं, दादा. इथे पोरीचा पाय जाईल." ताई उठल्या. "उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवा. रिपोर्ट बघितल्याशिवाय मी नाव देणार नाही."

ऋतिका दारापर्यंत आली. रडली नाही. "मावशी, दुसरी कुणी बघून ठेवलीय का?" एवढंच विचारलं.

"आहे," ताई म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "आहे, पण तिच्यासारखी नाही."

ते दोन दिवस वाईट गेले. ताईंनी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. फोन वाजला की मशीन थांबायचं. मी देवापुढे बसले की पोथीतली ओळ डोळ्यांपुढून सरकायचीच नाही. ऋतिकासाठी मागावं तर कुणा दुसऱ्या पोरीची जागा जाते. मग मी काहीच मागितलं नाही, नुसता दिवा लावला.

रिपोर्ट आला. गुडघ्यातलं लिगामेंट ताणलेलं होतं, तुटलेलं नव्हतं. दिवाळीपर्यंत खेळायचं नाही, रोज व्यायाम, पुढचं पुढे.

ताईंनी माझ्यासमोर सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आवाज चढला. "ताई, मला खेळाडू पाहिजे, पेशंट नको!"

"तुम्ही पहिल्या मॅचचं बोलताय सर. मी तीन वर्षांचं बोलतेय."

"आणि पाय परत गेला तर?"

"तर पुढच्या वर्षी मला विचारू नका."

सरांनी नाव घेतलं, कुरकुरत. ताईंनी लगेच ऋतिकाला फोन केला. "अ‍ॅडमिशन होईल. पण दिवाळीआधी कुठल्या मॅचमध्ये दिसलीस, तर तुझं नाव मी स्वतः कापेन." फोन ठेवून त्या ती उलटी बाही उसवायला बसल्या.

नवरात्रात कळलं, हेंद्रेपाड्यात मंडळाचे सामने आहेत. संध्याकाळी ताईंनी दुकान अर्धवट बंद केलं. "चल," एवढंच म्हणाल्या.

आम्ही गर्दीच्या मागे उभ्या राहिलो. मंडळाच्या पोरी हरत होत्या, डावा कोपरा सारखा फुटत होता. माणसं ओरडत होती, "ए ऋतिका, ये ना! एकच मॅच!" ऋतिका रेषेच्या बाहेर खुर्चीत होती. एकदा उठली, चप्पल काढली. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. तिने चप्पल पुन्हा घातली, बसली आणि कोपऱ्यातल्या पोरीवर ओरडायला लागली, "खाली बस गं, अजून खाली! हात नको, घोटा बघ!"

"चल मागे," ताई कुजबुजल्या. "तिने आपल्याला बघायला नको. वाटेल, विश्वास नाही."

"आहे का?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "मॅच संपेपर्यंत त्या झाडामागे थांबू."