मामांचं व्हय

आम्हा अपंग कामगारांना कारखान्याने एकाच दिवशी ‘कामाला असमर्थ’ ठरवून घरी बसवलं, तेव्हा वकीलबाईंनी आमचा सगळ्यांचा मिळून एकच दावा टाकला. पण असा दावा चालवायला आधी कोर्टाची परवानगी लागते. ती नाही मिळाली तर ज्याने त्याने आपापलं लढायचं, कर्जत-पाथर्डीहून नगरच्या खेपा एकट्याने मारायच्या. निम्मे तर पहिल्या तारखेलाच गळले असते. कारखान्याला तेच हवं होतं.

त्यांच्या वकिलाचा मुद्दा बिनतोड होता. कुणाचा पाय, कुणाचा डोळा, कुणाचा कान. मग गाऱ्हाणं एक कसं? माझा नुसता संताप होत होता. भीतीही वाटत होती, कारण ऐकता ऐकता मलाही ते पटायला लागलं होतं.

मग त्याने प्रेस मशीनवरच्या मामांना उभं केलं. मामांना ऐकू येतं ते नावापुरतं. वकील मुद्दाम हळू आवाजात बोलला.

“तुमची तक्रार या बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे, बरोबर?”

मामांनी मान डोलावली. “व्हय सायब.”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मी कुणाला न विचारता उठले आणि सांगितलं की त्यांना प्रश्न ऐकूच आलेला नाही. तर मग हो का म्हणालात, असं न्यायाधीशांनी मामांना जवळ बोलावून मोठ्याने विचारलं.

मामांनी खाली बघतच सांगितलं. “ऐकू न्हाई आलं म्हनलं की घरी बसवत्यात. म्हून म्या समद्याला व्हयच म्हनतो.”

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरचा बाक घट्ट धरून उभी होते. काठी वापरत नाही का, त्यांनी विचारलं. वापरते, म्हटलं, पण खाली वॉचमनकडे ठेवून आले. कारखान्यातही रोज गेटवरच ठेवायचे, साहेबांच्या नजरेत यायला नको म्हणून. हे बोलताना मला माझीच लाज वाटली. शेजारच्या कामगाराने अधू डोळा झाकणारा काळा चष्मा काढला.

परवानगी मिळाली. व्यंग वेगवेगळं असलं तरी ते लपवावं का लागतं हा प्रश्न सगळ्यांचा एकच आहे, असं न्यायाधीश म्हणाले.

बाहेर आल्यावर मी मामांना ते सांगितलं. त्यांनी सवयीने मान डोलावली. मग थांबले, कानामागे हात धरला आणि म्हणाले, “न्हाई आलं ऐकू. पुन्यांदा सांग.”