उलटे खिसे

काम संपलं की तो दाराशी थांबायचा, पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढायचा आणि म्हणायचा, "बघून घ्या. आल्तो तेवढाच चाललो." पांढऱ्या अस्तराचे ते दोन तुकडे मांडीवर लोंबत राहायचे आणि घरातली माणसं ओशाळायची. एखादी म्हातारी म्हणायची, "अरं बाबा, कोन संशय घ्यायलंय तुझ्यावर?" तो सांगायचा, "सवय हाय अक्का. लावलेली हाय." कुणी लावली, हे विचारल्याशिवाय आमच्या भागात कुणाला अन्न पचत नाही. मग तो भालकीच्या एका दुकानाचं नाव सांगायचा आणि मालकाचंही.

तुम्ही म्हणाल, चक्रम असेल. मी म्हणतो, एवढ्या थंड डोक्याचा सूड मी दुसरा पाहिला नाही. बाजारात उभा राहून त्यानं शिव्या दिल्या असत्या, तर लोकांनी दोन दिवस चघळून सोडून दिल्या असत्या. हा अकरा वर्षं घरोघर खिसे उलटे करत हिंडला.

तो भालकीकडच्या मेहकरचा. घरात कुठला कॉम्प्युटर घ्यावा हे सांगणं, तो जोडून देणं, वायफाय घरभर पोचवणं, ही त्याची कामं. मोटरसायकल, खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, खोडरबर आणि एक वही. माझ्याहून वीस वर्षांनी लहान होता, तरी मीही सगळ्यांसारखं त्याला अण्णाच म्हणायचो.

गिऱ्हाइकाला त्याचा पहिला प्रश्न असायचा, "त्यावर करनार काय?" आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाला आत रंगीत दिवे लागणारा महागडा कॉम्प्युटर पाहिजे होता, आणि काम काय, तर मराठी टायपिंग. अण्णा म्हणाला, "सर, लाईटच पायजे तर दिवाळीची माळ लावा. हे पैसे बॅटरीत घाला, आपल्याकडं करंट कवा जाईल सांगता येत न्हाई." शिक्षकाला राग आला, पण त्यानं ऐकलं.

दुसरी शिकवण त्याहून जहाल. "दुकानात सीपीयू उघडाय लावा. एकेका वस्तूवरचा नंबर वाचा, मोठ्यानं वाचा, बिलावर हाय का बघा." माझाच कॉम्प्युटर त्यानं उघडला तेव्हा कळलं की भालकीच्या त्याच दुकानानं मला वापरलेली हार्डडिस्क नवी म्हणून बसवून दिली होती. वर्षभराच्या प्रश्नपत्रिका तिच्याबरोबर गेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून मीही वर्गात, लग्नात, बसस्टँडवर, जिथं तोंड उघडायला मिळेल तिथं हेच सांगायला लागलो, की उघडून दाखवा म्हणा. बघता बघता संतपूरपासून माणसं यायची आणि काउंटरवर सीपीयू उघडायला लावायची. मालकाचं तोंड कडू व्हायचं. चार-पाच वर्षांत त्या दुकानात कॉम्प्युटर दिसेनासे झाले, नुसती मोबाइलची कव्हरं आणि चार्जर लटकायला लागले. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जायचो, ते बघायला.

माझी बहीण निंबर्ग्याला दिली आहे. तिच्याकडं माडीवर नेट येत नव्हतं म्हणून मी अण्णाला घेऊन गेलो. राउटर कुठं, तर देवळीत, भिंतीतल्या देवांच्या कोनाड्यात. आयुधपूजेच्या दिवशी बहिणीच्या सासूनं ट्रॅक्टर पुजला, शिलाईचं मशीन पुजलं आणि हे नवं यंत्र देवांच्या मागंच बसवलं. हळद-कुंकू, विभूती, झेंडूची माळ, पुढं पितळी समई आणि सभोवती दीड हात जाडीची दगडी भिंत. अण्णा हसला नाही. चपला काढून आत गेला, देवाला हात जोडले आणि म्हाताऱ्या सासूला म्हणाला, "मावशी, देवाला नेट कशाला पायजे? त्येला न सांगताच कळतंय की. ह्याला जिन्यात बसवू." राउटर जिन्यात गेला आणि माडीवर नेट आलं. निघताना त्यानं तिथं देवांसमोरच खिसे उलटे केले. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मालकाचं नाव विचारून घेतलं. भालकीत तिचे भाऊबंद होते, त्यामुळं पुढचं काम तिनं फोनवरूनच केलं.

आता ते दुकानातलं सांगतो. मी तिथंच होतो.

तो त्या दुकानात नऊ वर्षं कामाला होता. आलेल्या मालाचे नंबर रजिस्टरात तोच लिहायचा. एके दिवशी रॅमची एक पट्टी सापडेना. बोटाएवढ्या रुंदीची ती वस्तू, खिशात सहज मावेल अशी. मालकानं भर दुकानात त्याला खिसे उलटे करायला लावले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. खिशात काही निघालं नाही, तर मालक म्हणाला, "इकून आला आसंल." त्यानं लगेच अण्णाला कामावरून काढून पायरीखाली उतरवलं. मी प्रिंटर दुरुस्तीला दिला होता, म्हणून स्टुलावर बसलो होतो. माझ्या हातात मालकानं मागवलेला चहा होता, आणि मी तो पीत राहिलो.

त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच नंबर लिहिलेला होता. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "हरवलेल्या मान्साचा पत्ता हाय, सर."

दोन वर्षांपूर्वी मला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती लग्न होऊन त्याच मालकाच्या घरी सून म्हणून आली होती आणि बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरून करायची. "सर, वरच्या खोलीत नेट येईना बघा. घरचा जुना कॉम्प्युटर बी सारखा बंद पडायलाय. चांगला मानूस सांगा की एखांदा." तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. मालकाच्या घरात, मालकासमोर ते खिसे बाहेर निघालेले मला बघायचे होते.

अण्णा आधी नाही म्हणाला. "कामून उकरून काढायलाव सर?" मी म्हणालो, "तू अकरा वर्षं उकरतोस ते चालतं व्हय?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात मोटरसायकल घेऊन उभा. "चला," म्हणाला.

मालक आता थकला होता, बैठकीत बाजेवर बसला होता. अण्णाला बघून त्यानं मान भिंतीकडं वळवली. अण्णानं आधी नेटचं काम केलं. वायर जिन्याच्या कडेनं वर नेली, वरच्या खोलीत दुसरा राउटर बसवला, सुनेला फोन घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभं केलं. मग खाली बैठकीतला जुना सीपीयू उघडला. आत मूठभर धूळ. ती पुसून त्यानं रॅमची पट्टी उपसली, सोनेरी कडा खोडरबरानं घासायला घेतली आणि हात थांबला.

पट्टी घेऊन तो खिडकीशी गेला. शर्टाच्या खिशातनं वही काढली, पहिलं पान उघडलं, एकदा बघितलं, परत बघितलं. मग बाजेपाशी येऊन पट्टी मालकाच्या हातात दिली.

"मालक, वाचा. मोठ्यानं."

सुनेला वाटलं, ही याची नेहमीची पद्धत असेल. ती म्हणाली, "वाचा की मामा." मालकानं चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचायला सुरुवात केली. अण्णा वहीतल्या आकड्यावर बोट सरकवत होता. पाचव्या आकड्याला मालकाची नजर त्या वहीवर गेली आणि तो थांबला. अण्णा म्हणाला, "म्होरं." त्यानं शेवटच्या आकड्यापर्यंत वाचायला लावलं.

स्वयंपाकघराच्या दारातून मालकीणबाई म्हणाल्या, "ते तर तुमीच आनून बसिवलं होतं की. पोराची परीक्षा होती तवा."

मालक पट्टीकडं बघत म्हणाला, "व्हय. दुसऱ्या दिशीच ध्यानात आल्तं माझ्या. पर चार मान्सांत बोलून बसलो होतो." मग पट्टी अण्णाकडं परत करत म्हणाला, "तू चोर न्हाईस. मीच खोटा पडलो."

मी ताडकन उठलो. "मग अकरा वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतं काय? चला बाजारात, तिथं बोला हे." आमच्या घरात मला तापट म्हणतात ते उगीच नाही.

अण्णानं माझ्याकडं बघितलंही नाही. पट्टी परत खोबणीत दाबता दाबता म्हणाला, "बसा सर. तुमी बी होता की तिथं."

एवढंच बोलला. मी बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या गर्दीत त्यानं मला पाहिलं नसेल.

कॉम्प्युटर सुरू झाला. "चालतंय," अण्णा म्हणाला आणि झाकण लावलं. सुनेनं चहा आणला, अण्णा तो प्यायला. माझा कप तसाच राहिला. निघताना मालक कसाबसा उठून दारापर्यंत आला. सगळ्यांचे डोळे अण्णाच्या पँटकडं. अण्णानं चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून गेला. त्यानं खिशांना हातही लावला नाही.

त्या दिवसानंतर कुणाच्याच घरी त्यानं खिसे काढले नाहीत, असं लोक सांगायचे. मी ऐकून घ्यायचो आणि विषय बदलायचो. त्याच्याशी एक वाक्य बोलायचं होतं. रोज ठरवायचो.

पुढच्या उन्हाळ्यात तो लेकीकडं हैदराबादला कायमचा जायला निघाला. जाण्याआधी माझा राउटर बदलून द्यायला आला. माझ्या टेबलाखाली वाकून वायर खोचली, पासवर्ड कागदावर लिहून दिला, बायकोची चौकशी केली. मी आज बोलणार होतो. शब्द जिभेवर होते. पण मास्तरकीत जन्म गेला, दुसऱ्याला चूक कबूल करायला लावायची सवय, स्वतः करायची नाही. मी हवापाण्याचं बोललो, हैदराबादच्या उन्हाचं बोललो.

तो दाराशी गेला. थांबला. माझ्याकडं तोंड करून उभा राहिला, चांगला वेळ दिला त्यानं मला. मग त्यानं दोन्ही खिसे बाहेर ओढले.

"बघून घ्या सर," तो म्हणाला. "आल्तो तेवढाच चाललो."

ते खिसे तसेच लोंबत ठेवून त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि आमच्या गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, तो तसाच गेला.