डांबरगोळ्यांतली दुपटी

तुमच्या मावशीला, माझ्या लेकीला, मुलगा झाला, तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई इतवारीतल्या त्यांच्या घरून दुपटी घेऊन आल्या. आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या आधीच्या मुलांचं, वापरून मऊ झालेलं लावतात. जाऊबाईंनी ती दुपटी पेटीत डांबरगोळ्या घालून वर्षानुवर्षं जपली होती. धुऊनच ठेवलेली, म्हणून पुन्हा कोणी धुतली नाहीत.

मालिशवाली बाळाला तेल चोळायची, शेक द्यायची आणि त्या दुपट्यांतच घट्ट गुंडाळायची. एके सकाळी तिचा हात थांबला.

"बाई, पोरगं हळदीवानी पिवळं दिसून राह्यलं जी."

"कोवळ्या उन्हात धर, उतरते," जाऊबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुही पोरगी काय कमी पिवळी होती वं?"

दुपारी त्याने दूध सोडलं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली.

दवाखान्यात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. तिथल्या तरुण डॉक्टर बाईने दुपटं नाकाशी नेलं. "डांबरगोळ्या?"

तिने समजावून सांगितलं. कोळशाच्या डांबरातून निघणारा हा पदार्थ घन असतानाच हळूहळू वाफ होतो आणि कापडात मुरतो. पाण्यात जेमतेम विरघळतो, तेलात मात्र सहज. तेल लावलेल्या कातडीतून तो बाळाच्या अंगात गेला होता. रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असली, तर त्याने तांबड्या पेशी फुटतात. ती बहुधा आईकडून मुलाला येते. म्हणून पोरांनो, तुम्हीही तपासून घ्या.

डांबरगोळ्यांतल्या या नॅप्थलीनचं सूत्र मी कॉलेजात पाठ केलं होतं, अजून येतं. दवाखान्याच्या बाकावर बसून त्याचं काय करायचं होतं?

"रक्त बदलावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "कावीळ मेंदूपर्यंत पोचली, तर कान जाऊ शकतात. जीवही."

जाऊबाई नळाखाली हात धूत राहिल्या. साबण लावायच्या, वास घ्यायच्या, पुन्हा लावायच्या. "वाचते नं वं तो?" तुमच्या मावशीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रक्त बदललं. बाळ वाचलं, घरी आलं. कानांची तपासणी अजून व्हायची आहे. आम्हाला तेवढा धीर नाही. तो जागा असला की जाऊबाई पाळण्यामागे उभ्या राहून स्टीलच्या ताटावर चमचा वाजवतात आणि मी त्याच्या डोळ्यांकडे पाहते.

काल तो दचकला. आज तीनदा वाजवलं, तो पंख्याकडेच बघत राहिला.

"जोरात वाजवू का वं?" जाऊबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं.