फुलांची बाजू

२००५च्या हिवाळ्यात आई तीन महिने माझ्याकडे नेदरलँड्सला आली. आइंडहोवनशेजारच्या बेस्ट गावात एका डच आजींच्या घरातली वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. आई जेवली की आडवी होणार आणि मी दिवा लावून ऑफिसचं काम करणार, म्हणून आजींनी त्यांचा जुना, लाकडी चौकटीचा जपानी घडीचा पडदा आम्हाला वापरायला दिला. त्यांच्या आजोबांच्याही आधीचा. विटक्या सोनेरी रंगावर पांढरी शेवंती, मागची बाजू नुसती तपकिरी.

"एवढी फुलं, पण देवाला एक वाहता येत नाही," आई म्हणाली. बघत मात्र राहिली.

माझं टेबल खिडकीला लागून. माझ्या खुर्चीमागं तो पडदा, त्यापलीकडे आईचा पलंग, कडेला जाण्यायेण्यापुरती वाट. फुलं मी आईकडे केली. संध्याकाळी येऊन बघते तर फुलं माझ्याकडे! मी पुन्हा फिरवला, तिनं पुन्हा.

"अगं, माझी फुलांकडे पाठ असते. कशाला मला?"

"असू देत."

मला संताप यायचा. जन्मभर हिचं हेच. एसटीतसुद्धा कधी खिडकीची जागा घेतली नाही. वर उशीही पायथ्याला घेऊन उलटी झोपायला लागली. शेवटी मी नाद सोडला.

आई पुण्याला परत गेली. पडदा आजींनी मागितला नाही, मीही विषय काढला नाही. आईची इतकी आठवण यायची की घरी येऊच नये असं वाटायचं.

एका संध्याकाळी अंग कसकसत होतं. टेबलावरचा दिवा तसाच ठेवून मी आईच्या पलंगावर पडले, उशी होती तिथंच, पायथ्याला. तिथून पडद्याच्या कडेनं थेट खिडकी दिसत होती. बाहेर काळोख, त्यामुळे काचेचा आरसा झालेला. त्यात सगळी शेवंती उजळली होती आणि तिच्यापुढं माझी रिकामी खुर्ची. मी बसलेली असते तर माझा चेहरा समोरून दिसला असता.

दुसऱ्या दिवशी कॉलिंग कार्ड घेऊन फोन लावला.

"लबाड! फुलं दिसायची की तुला तिथून!"

"फुलं कोण बघत होतं?" आई म्हणाली. "मागं फुलं असली की तू जरा बरी दिसतेस."