मेलेला पाहिल्याशिवाय

ओल्या ताडपत्रीचा वास आला की मला नागभीडच्या मैदानातला सिनेमाचा तंबू आठवतो. मी दहा वर्षांची असेन. दिवेलागणीच्या खेळाला विलायती सिनेमा होता. आकाशातून पडलेला गोळा तळ्यात फुगत जातो आणि चिखलातून वर येऊन माणसं गिळतो. भाषा कुणालाच कळत नव्हती, तळं मात्र आमच्या गावच्या तळ्यासारखंच, सगळ्यांच्या ओळखीचं होतं. राक्षसाने पाण्यातल्या बाईला ओढलं, तशा बायका किंचाळत पळाल्या, मागोमाग पुरुषही चपला सोडून पळाले. मशीनवाल्याने खेळ थांबवला. माय मात्र गोणपाटावर मांडी घालून बसलेलीच. "चालू कर भाऊ," ती म्हणाली, "सकाळी मले शिंगाडे काढाले गळ्याएवढ्या पाण्यात उतरा लागते. हा मेलेला पाह्यल्याशिवाय मी उठत नाई." त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. मी तिच्या पदरात तोंड खुपसलं, तर तिने माझी मान धरून पडद्याकडे वळवली. "पाह्य. तुले बी उतरा लागते." राक्षस जळून राख झाला, तेव्हाच आम्ही उठलो. आता टीव्हीवर असले जुने विलायती सिनेमे लागले की मी आवडीने बसते. नातवंडं घाबरून बंद करायला धावतात. रिमोट माझ्या मांडीखाली असतो.