लुगडी नकोत, रस्ता पाहिजे

शिनोलीच्या वर डोंगरात आमचं गाव. मी ओतूरला कॉलेजात शिकवते. शिकत असताना वर्गातल्या मुली माझ्या ‘व्हतं’ला आणि ‘न्हाई’ला हसायच्या, म्हणून मी ती बोली तोंडातून घासूनपुसून काढून टाकली. माझ्या आत्याला असलं काही कधी वाटलं नाही. ती गावातच राहते, भात-नाचणी करते, उन्हाळ्यात रानातून हिरडा गोळा करते, आणि शेजारणीशी जशी बोलते तशीच साहेबाशी बोलते.

पावसाळ्यात आमच्या रस्त्याचा एक तुकडा दरीत खचला. तेव्हापासून एसटीची गाडी खालच्या फाट्यावरूनच माघारी वळायला लागली. अर्ज दिले, पण उन्हाळा आला तरी रस्ता तसाच. परीक्षा संपवून मी गावी गेले, तेव्हा आत्या हिरड्याचं पोतं डोक्यावर घेऊन त्या खचलेल्या कडेनं उतरत होती. मी मोबाईलवर तिचं चित्रण केलं. चालता चालता ती रस्त्याबद्दल बोलत होती, अधूनमधून शिव्याही देत होती. मी ते तसंच समाजमाध्यमावर टाकलं.

दोन दिवसांत ते कुठल्या तरी मोठ्या पानावर दिसलं. त्यांनी आत्याचा आवाज काढून टाकला होता आणि त्या जागी रडवं संगीत घातलं होतं. वर लिहिलं होतं, ‘गरीब आजीची व्यथा’. खाली लोक हळहळत होते. कुणी जुनी लुगडी पाठवायला पत्ता मागत होतं. खोटं कशाला सांगू, बघणाऱ्यांचा आकडा पाहून मला आधी बरंच वाटलं.

आत्याला दाखवलं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “माझा आवाज कुठं गेला?”

“काढला त्यांनी.”

“आन् गरीब कोन? दोन खंडी भात व्हतोय माझ्या घरी.”

त्याच दिवशी झारखंडच्या एका बाईचा हिंदीत निरोप आला. आमची ओळख नव्हती. तिची आई जंगलात मोहाची फुलं वेचते. तिच्या आईच्या चित्रणातलाही आवाज काढून असंच गाणं लावलं होतं, असं तिनं लिहिलं होतं. पुढे एवढंच, की आत्याला कॅमेऱ्यासमोर उभं करा, तिच्याच बोलीत बोलू द्या, आणि चित्रणाखाली त्याचा अर्थ तुम्ही लिहा.

तरीही मी आत्याला म्हटलं, “जरा शुद्ध बोल, बाहेरच्या लोकांना कळायला हवं.” तिनं प्रयत्न केला, दुसऱ्याच वाक्याला अडखळली आणि माझ्याकडे रागानं बघत म्हणाली, “मी काय तुझ्या वर्गात बसले का?” मग खचलेल्या कडेवर उभी राहून, कमरेवर हात ठेवून ती तिच्या पद्धतीनं बोलली. “आमाला लुगडी नकोत. लुगडी आमच्याकडं लई हायेत. आमाला रस्ता पायजे. पाऊस यायच्या आत पायजे. ज्याचं काम हाय त्यानं हितं यावं, मी दावते कुठं खचलाय.”

खाली प्रमाण मराठीत मी लिहिलं, हिंदीत त्या बाईनं लिहून पाठवलं, आणि ते चित्रण टाकलं. आठवड्याच्या आत आसपासच्या चार-पाच वाड्यांतल्या बायकांनी आपापल्या रस्त्यावर उभ्या राहून तसंच बोलून आपली चित्रणं टाकली. कुणीच शुद्ध बोललं नाही. ते बघताना मला माझ्या वर्गातल्या त्या मुली आठवल्या, आणि आपण विनाकारण इतकी वर्षं भ्यालो असं वाटलं.

मग मोजायची टेप घेऊन बांधकाम खात्याची दोन माणसं आली. आत्यानं त्यांना आधी चहा पाजला, मग कडेपर्यंत चालवत नेलं. मृगाच्या आधी दगडी भिंत बांधून झाली, वर मुरूम पडला, आणि गाडी गावात आली. डांबर अजून व्हायचं आहे. त्याच्या मागे आत्या लागलेलीच आहे.

परवा झारखंडच्या त्या बाईनं आईचं नवं चित्रण पाठवलं. गावातला हातपंप बंद आहे, त्याबद्दल आई बोलते. भाषा आम्हाला कळत नव्हती, खाली लिहिलेलं हिंदी वाचून मी आत्याला सांगितलं. आत्यानं तीनदा पाहिलं.

“तिला लिही,” ती म्हणाली, “आईला म्हनावं, खाली बघून बोलू नको. बघनाऱ्याच्या डोळ्यात बघून बोल.”

मी जसंच्या तसं लिहून पाठवलं.